तिसऱ्या भोकातला धैवत

सुकदेवला गळा नाही, हे मी अधिकाराने सांगतो. तेवीस वर्षं मी भजनात पेटी वाजवली आहे, बेसूर माणूस मला भिंतीपलीकडून ओळखू येतो. सुकदेव तर माझ्या जिन्याखालीच राहतो. सरकारी नोकरी संपवून मी सिल्वासाजवळ नरोलीत घर बांधलं. वर आम्ही दोघं नवराबायको, खाली भाड्याच्या सहा खोल्या. त्यातल्या दोन खोल्यांत अकरा वर्षांपासून सुकदेव, त्याची बायको सोनी आणि आई आक्काबाई. मूळचे शिंदखेड्याकडचे. तो धाग्याच्या कारखान्यात मशीनवर आहे. बारा तासांची पाळी करून आला आणि अंघोळ करताना गायला लागला, की आमची प्रमिला म्हणायची, "अहो, नळ घरघरतोय. पाणी जाणार वाटतं."

घरातला सगळा गळा आक्काबाईंनी स्वतःकडे ठेवून घेतला होता.

मी कोकणातला. कानबाई म्हणजे काय, हे मला सिल्वासात येईपर्यंत माहीत नव्हतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातली माणसं तिला घरी बसवतात. पिढीजात नारळ असतो, तीच देवी. त्याला डोळे, नथ, साडी, दागिने. माणशी मुठी मोजून गहू दळतात आणि त्याचा रोट करतात. तो फक्त भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. मी घरमालक, पण रोटाच्या बाबतीत परकाच. माझ्यासाठी सोनी वेगळी पुरणपोळी करून वर आणून द्यायची आणि मी मुद्दाम कुरकुर करायचो. सोमवारी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन दमणगंगेवर न्यायचं, नाहू घालून नारळ परत आणायचा. नरोलीतल्या आसपासच्या चाळींमधली खानदेशी कुटुंबं या दिवशी आमच्या अंगणात जमतात, कारण नारळ आक्काबाईंचा आणि गाणंही आक्काबाईंचं.

हे गाणं बायकांचं. ओळ आक्काबाईंनी सोडायची, बाकीच्यांनी शेवटचे दोन शब्द उचलायचे. निघताना उंबऱ्याशी म्हणायचं गाणं तर मला आजही पाठ आहे.

थांब थांब कानबाई, उंबराजोडे थांब वं,
तुनी ओटी भरसू मी, मंग तू जाय वं.

ओळ षड्जावरून सुरू होते, "उंबराजोडे"वर खालच्या धैवतावर येऊन टेकते आणि पंचमाला जाते. त्या धैवतावर बाई अशी काही रेंगाळायची, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहाचा कप हातात धरून जिन्यातच उभा राहिलो. चहा गार झाला. प्रमिलाने त्यावरून मला वर्षभर चिडवलं.

तीन वर्षांपूर्वी आक्काबाईंच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन करावं लागलं. आवाज जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाजाची एक तार लुळी पडली. कुजबुजल्यासारखं बोलता येतं, शब्द कळतात. सूर मात्र नाही. कुजबुजीला सूर नसतो, हे मलाही तेव्हाच समजलं.

त्यानंतरच्या कानबाईला बायकांनी तिच्याशिवाय गाऊन पाहिलं. शब्द सगळ्यांना येत होते, सोनीने वहीत लिहूनही ठेवले होते. पण पहिली ओळ कुणीच कधी सोडलेली नव्हती. तिसऱ्या शब्दाला गाणं घसरून कुठल्यातरी सिनेमाच्या चालीवर जायचं आणि पोरी हसत सुटायच्या. रेकॉर्डिंग कुणी केलेलं नव्हतं; रोज समोर असणाऱ्या माणसाचं कोण करतं? शेवटी कुणीतरी स्पीकर आणला आणि देवी डीजेवर नाचत निघाली. आक्काबाई अंगणात भिंतीकडे तोंड करून बसल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं, तेव्हा नदीवरून आल्यावर त्यांनी सोनीला गावी फोन लावायला सांगितला. गावी कारभारी नावाचे त्यांचे धाकटे दीर. त्यांना निरोप गेला, की येत्या कानबाईला या आणि नारळ गावी घेऊन जा. जिथं गाणं नाही तिथं मी देवी बसवणार नाही.

नारळ नवऱ्याच्या घराण्यातला. तो घेऊन बाई तीस वर्षांपूर्वी इकडे आल्या, नवरा इथेच गेला, नातवंडं अजून झाली नव्हती. नारळ गेला तर त्या घरात त्यांचं म्हणून काय उरणार होतं, ते मला सुकदेवच्या तोंडावर दिसत होतं.

दिवाळीनंतर एका रविवारी तो वर आला. हातात जुना माउथऑर्गन, दोन ओळींचा, सारंगखेड्याच्या जत्रेत लहानपणी घेतलेला.

"काका, ह्याच्यावर मायचं गाणं बसवून द्या. मले गाता येत नही, पण चाल डोक्यात पक्की शे."

मी पेटीवाला. माउथऑर्गनला मी वाद्य मानतच नव्हतो. सहलीला न्यायची वस्तू. तरी हातात घेतला, फुंकून ओढून पाहिला आणि निकाल दिला.

"सुकदेव, यात खालच्या सप्तकाला धैवतच नाही. निषाद आहे, पंचम आहे, मधली पायरी बनवणाऱ्याने ठेवलीच नाही. तुझं गाणं नेमकं तिथं टेकतं. सोड नाद."

माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आणि शंभर टक्के निरुपयोगी. दोन महिने तो त्याच बाजावर नसलेला सूर शोधत बसला. मग वापीला वाद्यांच्या दुकानात गेला. तिथल्या भावेशने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसराच बाजा समोर ठेवला. दहा भोकांचा, हाताच्या मुठीत मावणारा. "भाई, ये लो. इसमें सुर मुड़ता है. उसमें डबल पत्ती है, नहीं मुड़ेगा." घरमालकाने ज्याला दोन महिने वाया घालवू दिले त्याला दुकानदाराने पाच मिनिटांत वाट दाखवली, हे मी इथं कबूल करतो.

सूर वाकवणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. तिसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की निषाद वाजतो. ओढता ओढता जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी मोठी केली, की तोच सूर खाली घसरतो. आधी कोमल निषाद, मग धैवत, मग कोमल धैवत. पेटीवर बोट ठेवलं की धैवत मिळतो, कुणालाही. इथं बोट ठेवायला काही नाही. चिखलाच्या उतारावर घसरत जायचं आणि बरोबर मध्यावर पाय रोवून उभं राहायचं, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या जिभेच्या मागच्या टोकाने.

पहिले दीड महिने सूर वाकेचना. बाजा नुसता गुदमरायचा. सुकदेव मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, गच्चीवर जाऊन ओढत बसायचा. चौथ्या खोलीतली गुड्डी उत्तर प्रदेशची, तिने मला गंभीरपणे विचारलं, "अंकल, छत पर बिल्ली फँस गई है क्या?" कारखान्यात मशीनच्या गोंगाटात तो बाजाशिवायच तोंडाचा आकार घोटायचा. गाल आत, जबडा खाली, डोळे मिटलेले. सुपरवायझरला वाटलं दाढ दुखते आहे, त्याने अर्धा दिवस सुट्टी दिली. ती सुकदेवने गच्चीवर घालवली.

होळीच्या आसपास एका संध्याकाळी सूर वाकला. अचानक, लांबलचक, खालपर्यंत. मी वर्तमानपत्र टाकून उठलो. सुकदेव जिन्यावरून धावत आला. "काका, गया! खाले गया!" पोराचं पहिलं पाऊल पडावं तसा त्याचा चेहरा झाला होता. मी त्याला सांगणार होतो की हा कोमल धैवत आहे, म्हणजे तू मुक्काम सोडून पुढे गेलास. सांगितलं नाही. माझ्या हातून घडलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ती एक.

ते काम आक्काबाईंनी केलं. तोवर त्या या प्रकाराकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. त्या दिवशी सुकदेवने अंगणात त्यांच्यासमोर बसून पहिली ओळ वाजवली. धैवतापाशी तो घसरत खाली गेला आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी उजवा तळहात आडवा धरला, छातीच्या उंचीवर. मग हात थोडा खाली नेला आणि मान हलवली. परत वर आणला आणि स्थिर ठेवला.

"जास्ती खाले गया तू," त्या कुजबुजल्या. "आठे थांब." म्हणजे इथंच.

तिथून पुढे चार महिने मी रोज हा धडा जिन्यातून पाहिला. पाळीवरून आला की सुकदेव पाटावर बसायचा, समोर आई. तिचा हात खाली यायचा तसा त्याचा सूर खाली यायचा. हात थांबला की त्याने थांबायचं. तो कधी अलीकडे अडकायचा, कधी पलीकडे पडायचा, कधी जागेवर यायचा आणि टिकायचा नाही, थरथरायचा. बाई दया दाखवत नव्हत्या. "आखो," म्हणायच्या, म्हणजे पुन्हा. मी वरून पेटीचा धैवत धरून मदत करायला गेलो, तर त्यांनी मला हातानेच गप्प केलं. त्यांचा धैवत माझ्या पेटीच्या धैवतापेक्षा केसभर खाली होता. तेवीस वर्षं पेटी वाजवून हे मला त्या दिवशी कळलं. सोनी भाजी निवडत बाजूला बसायची आणि ऐकत राहायची. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

आषाढ संपता संपता एका दुपारी सूर जागेवर आला आणि टिकला. बाईंचा हात हलला नाही. सुकदेवने पूर्ण ओळ संपवली, पंचमाला पोचला आणि विचारलं, "माय, आते बरोबर शे का?"

"बरोबर शे."

"मंग कानबाई ऱ्हाई ना आपलाकडे?"

आक्काबाई उठल्या. "बाजा तो बाजा. कानबाईले बाईना गळा लागस." एवढं म्हणून त्या आत गेल्या. मला इतका संताप आला, की मी तसाच खाली उतरलो. चार महिने पोराला रगडायचं आणि शेवटी हे? सुकदेवनेच मला अडवलं. म्हणाला, "वाजवतो तरी, काका. मंग ती काय ठरवायचं ते ठरवो."

आणि मग त्याने एक नसता उद्योग केला. धाग्याच्या कारखान्यात पाळी संपली की ही माणसं हवेची नळी घेतात आणि अंगावरची रुई उडवतात. केस, शर्ट, चप्पल, जेवणाचा डबा, सगळं हवेनेच साफ. हात तिकडे आपोआप जातो. कानबाईच्या आधीच्या गुरुवारी सुकदेवला वाटलं, बाजा खिशात राहून त्यात रुई गेली असेल. त्याने नळी तोंडाला लावावी तशी बाजाला लावली आणि दाबली. संध्याकाळी तिसरं भोक ओढलं तर नुसती फरफर.

वापीच्या दुकानात त्या पट्टीचा बाजा नव्हता, मागवला तर आठवडा लागणार होता. शुक्रवारी दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. बाजा टेबलावर ठेवला आणि हात मांडीखाली घेतले.

पेटीच्या पत्त्या मी आयुष्यभर साफ केल्या आहेत. पण एवढ्याशा बाजाची पत्ती, म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी जीभ, मी कधी पाहिली नव्हती. चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. वरचं झाकण उघडलं, पत्त्या बसवलेली पितळी पट्टी सुटी केली. पत्ती वाकली असती तर खेळ खलास होता. प्रमिलाने टॉर्च आणून धरली. पत्ती सरळ होती. तिच्या मुळाशी मात्र काहीतरी चमकलं आणि विझलं. त्याच्याच कारखान्यातला धागा, केसापेक्षा बारीक, रंगसुद्धा नसलेला, हवेच्या जोराने पत्तीखाली जाऊन अडकलेला. सोनीचा भुवया कोरायचा चिमटा मागवला. तिसऱ्या खेपेला धागा निघाला. झाकण लावलं, सुकदेवने ओढलं आणि निषाद खणखणीत वाजला. मग तो सावकाश धैवतावर उतरला आणि तिथे थांबला. प्रमिलाने "हुश्श" म्हणून टॉर्च बंद केली. मी खुर्चीत मागे टेकलो, तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला होता.

शनिवारी कारभारी आले. सत्तरीचा माणूस, अबोल, हातात नारळ न्यायला नवी कोरी पिशवी. रविवारी देवी बसली, रोट झाला, मला माझी पुरणपोळी मिळाली. आक्काबाईंनी सगळं नेमाने केलं, पण नथ घालताना त्यांनी नारळाला जरा जास्त वेळ मांडीवर धरून ठेवलेलं मी पाहिलं.

सोमवारी सकाळी अंगणात तीस-चाळीस माणसं. स्पीकर आणला नव्हता. पुरुषांत थोडी कुजबुज होती, की बायकांचं गाणं, आणि हा गडी काय वाजवतो. सोनीने देवीचा पाट डोक्यावर घेतला आणि उंबऱ्याशी उभी राहिली. सुकदेव तिच्यासमोर, अंगणात. आक्काबाई दाराच्या चौकटीला धरून. त्या शब्द कुजबुजल्या आणि सुकदेवने ओळ सोडली.

पहिली खेप त्याची बिघडली. हात ओले, ओठ कोरडे. धैवताच्या खाली गेला. बायका त्याच्या मागून खालीच गेल्या. आक्काबाईंचा तळहात वर आला. सुकदेव वर सरकला, आणि बायकाही सरकल्या. दुसरी ओळ नीट गेली. तिसऱ्या ओळीला आवाज मोकळे झाले. माझ्याशेजारची गुड्डी शब्द न कळता "वं, वं" करत होती.

पण एक गोष्ट आम्ही कुणीच विचारात घेतली नव्हती. रोज तो दोन ओळी वाजवायचा आणि थांबायचा. इथं थांबायला कोण देतं? या गाण्यात ओढायचे सूर जास्त, फुंकायचे कमी. पाचव्या कडव्यापर्यंत सुकदेवची छाती हवेने ठासून भरली. आत घ्यायला जागा नाही, बाहेर टाकायला सवड नाही. फिरून पहिल्या ओळीच्या "उंबरा"पाशी आला आणि त्याला ठसका लागला. बाजा तोंडातून सुटला.

गाणं नेमकं धैवताच्या आधी उघडं पडलं. आता सिनेमाची चाल, आता पोरी हसणार.

सोनी सुरावर उतरली. डोक्यावर पाट, दोन्ही हात वर, मान ताठ, आणि तिचा आवाज निषादावरून सरळ खाली आला आणि त्या जागेवर थांबला. केसभर खाली, माझ्या पेटीत नसलेल्या जागेवर. बाकीच्या बायकांनी तिच्यामागून शेवटचे दोन शब्द उचलले. तिने पुढची ओळ सोडली. सुकदेव खोकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बाजा हातात तसाच. तो परत वाजवायला लागला नाही. गरजच नव्हती.

आक्काबाईंचा तळहात आडवा, हवेत तसाच राहिला होता. थोड्या वेळाने त्यांनी तो खाली घेतला आणि पदराने तोंड झाकलं. मी घरमालक, पेटीवाला, कोकणातला, रोटाला परका. मी अंगणात सगळ्यांसमोर रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नदीवर देवीला नाहू घातलं. सोनीने नारळ पुसून सासूच्या हातात दिला. कारभारी पुढे झाले, पिशवी उघडून उभे राहिले. आक्काबाई नारळाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली, नाही.

"सोनीले गाणं येस," त्या कुजबुजल्या. "नारळ आठेच ऱ्हाई."

मला वाटलं, एवढ्या लांबून आलेला म्हातारा आता रागावणार. कारभारींनी पिशवीची घडी घातली आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झायं, वहिनी," ते म्हणाले. "नारळ मी नेतू, पण तुले सांगू कसं? गावले आते कोणीच गात नही. तीन सालफाईन आम्हीबी डीजेच लावतस. तुले सांगानी हिंमत व्हयनी नही."

आक्काबाईंनी नारळ छातीशी धरला.

"मंग गावन्या पोरीस्ले आठे धाड. सोनी शिकाडी."

"कितल्या धाडू?"

"जितल्या शेतस तितल्या."